नेस्पेरेन्नुबचे नाव

१/ नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचे ‘ममी : द इनसाइड स्टोरी’ हे प्रदर्शन भरले होते. शहर-उपनगरांतील शाळांच्या सहली तेथे जात. बोरिवलीहून निघालेल्या अशाच एका बसमध्ये आठवीतला मीही होतो. आजचा थ्रेड त्या प्रदर्शनाच्या केंद्रस्थानी असलेल्या माणसाविषयी.

२/ त्याचे नाव नेस्पेरेन्नुब. इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमारास तो थीब्ज, म्हणजे आजच्या लक्सर येथे राहत असे. कर्नाकच्या मंदिरसमूहात तो खोन्सू या चंद्रदेवाचा पुरोहित होता. देवापुढे जलार्पण करणे हे त्याचे एक काम. वडीलही पुरोहितच. त्याचा देह १८९९ मध्ये लंडनच्या संग्रहात आला.

३/ एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये ममीच्या पट्ट्या सोडण्याचे जाहीर कार्यक्रम होत. थॉमस पेटिग्र्यू हा शल्यविशारद १८३० च्या दशकात त्यासाठीच गाजला. एकदा सोडलेली ममी पूर्ववत होत नसे. नेस्पेरेन्नुब मात्र या कुतूहलातून वाचला. पुढे सीटी स्कॅनच्या दीड हजारांहून अधिक प्रतिमा संगणकावर जुळवून, एकही पट्टी न सोडता त्याचा देह आतून पाहता आला. त्यावरचा त्रिमितीय चित्रपट आम्ही चष्मे लावून पाहिला.

४/ त्या प्रतिमांत डोक्याच्या मागे मातीचा एक ओबडधोबड वाडगा दिसला. कोणत्याही धर्मविधीत त्याला स्थान नाही. अभ्यासकांचा तर्क असा : ओघळणारी राळ झेलण्यासाठी कारागिरांनी तो डोक्याखाली ठेवला, राळ घट्ट झाली आणि वाडगा तिथेच चिकटला. मग कोणाला काही न सांगता त्यांनी वरून पट्ट्या गुंडाळल्या असाव्यात. फेरोंची नावे पाठ करणाऱ्या आम्हा मुलांना त्या दिवशी प्रथमच इजिप्तमधील कामगार भेटले.

५/ वाडग्यावर सगळे हसले. पण ममीसमोर आल्यावर आमच्या वर्गातील एका मुलाने पायांतील बूट काढले व हात जोडले. दोन महिन्यांपूर्वी त्याचे आजोबा वारले होते. मागून कोणीतरी खिदळले. तो शांतपणे म्हणाला, “अरे, माणूस आहे तो.” त्यानंतर रांगेत कोणी बोलले नाही.

६/ मृतदेह प्रदर्शनात ठेवावा का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. प्राचीन इजिप्तमध्ये नाव उच्चारले जाणे म्हणजे मृत्यूनंतरही जिवंत राहणे, अशी श्रद्धा होती. कित्येक थडग्यांवर वाटसरूंना उद्देशून विनंती कोरलेली असते : माझे नाव घ्या, माझ्यासाठी प्रार्थना म्हणा. त्या हिशेबाने, अडखळत का होईना, मुंबईच्या मुलांनी नेस्पेरेन्नुबचे नाव घेतले हे त्याला रुचले असते. परंतु थडग्यातून उचलून नेण्याची परवानगी त्याने कोणालाही दिली नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांपैकी एकही सोडू नये, असे मला वाटते.

७/ नाव मागे ठेवण्याची ही ओढ केवळ नाईलकाठची नव्हे. आमच्या बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत ब्राह्मी लिपीतील कितीतरी दानलेख आहेत. त्यांत कल्याणचा सामिदत्त नावाचा सोनार आहे. त्याने पाण्याचे टाके दान दिले. शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हणतात. राजा नव्हे, सेनापती नव्हे. डोंगरावरील भिक्षूंच्या पाण्याची सोय करणारा एक कारागीर. लेण्यांत सेल्फी काढून परतणारे आपण त्याच्या नावासमोर क्षणभरही थांबत नाही.

८/ तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात तर काचेतील वस्तूआधी तिच्याखालची पाटी वाचा. कोणाचे आहे, कोणी घडवले, येथे कसे आले, हे तीन प्रश्न विचारा. पाटीवर उत्तर नसेल तर तेथील अभ्यासकांना विचारा. आणि पाटीवर एखादे नाव असेल, तर ते एकदा मोठ्याने म्हणा.