राळेगणच्या फळीवर नसलेला माल

काही वर्षं मी एका एजन्सीचा सेल्समन होतो. नगर-पुणे रस्त्यावरची गावं माझ्या लाइनला होती. सुपे, वाडेगव्हाण आणि तिथल्या फाट्यावरून आत राळेगणसिद्धी. आमचे मालक हाजीसाहेब म्हणायचे, ‘बेटा, माल टीव्ही पे नहीं, फळी पे बिकता है.’ कंपनी, स्टॉकिस्ट, एजन्सी अशी कितीही लांब साखळी असो, शेवटी दुकानदाराने माल फळीवर लावला तरच तो विकतो.

राळेगणने ही गोष्ट फार आधी ओळखली होती. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णा हजारेंनी स्वतःच सांगितलेलं आहे. ते मला कधीच पटलं नाही. विडी-तंबाखूचं मात्र गावाने वेगळं केलं. पोरांनी होळीत तंबाखू, विड्या, सिगारेटी जाळल्या आणि गावातल्या दुकानांनी तो माल ठेवणं बंद केलं. ओढणाऱ्याला हात लावला नाही, फळी रिकामी केली. कंपनीने रस्ताभर पाट्या लावल्या तरी उपयोग काय?

करमणुकीच्या धंद्यातही फळी लागतेच. तमाशाची फळी नारायणगावला. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, घासाघीस करून जत्रेची सुपारी देतात. कोणता फड आणायचा ते गाव ठरवतं. सिनेमाचं तसं नाही. 1971 साली दादा कोंडकेंच्या ‘सोंगाड्या’ऐवजी दादरच्या कोहिनूरला देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लागणार होता. शिवसेना मध्ये पडली तेव्हा ‘सोंगाड्या’ला पडदा मिळाला. चित्रपट चांगला की वाईट, हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता.

आणि 2011. ऑगस्टमध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णांचं उपोषण झालं आणि राळेगण घराघरांत पोचलं. आमच्या मोहल्ल्यात मगरिबच्या नमाजनंतर चहाच्या टपरीवर तोच विषय. कुणी भारावलेला, कुणी ‘यात आपण कुठे आहोत?’ म्हणून विचारणारा. त्याच वर्षी 27 डिसेंबरला मुंबईत एमएमआरडीए मैदानावर उपोषण सुरू झालं. गर्दी तुरळक. दुसऱ्याच दिवशी ते सोडावं लागलं. अण्णांची तब्येत बिघडली होती, हेही खरं. पण माणूस तोच, मागणी तीच, आणि वाहिन्यांनी ऑगस्टमध्ये दिवसरात्र दाखवलेली ती गर्दी चार महिन्यांत गेली कुठे?

विडीची फळी गावच्या हातात होती, म्हणून ती रिकामी करता आली. बातमीची फळी नोएडात आणि मुंबईत. तिथे काय लावायचं आणि काय उतरवायचं, हे राळेगणची ग्रामसभा कशी ठरवणार? अण्णांच्या लोकांनी या साखळीचा विचार केला असेल का, कुणास ठाऊक. आमच्या एजन्सीत मात्र पोरगा लाइनवर पाठवण्याआधी हाजीसाहेब पहिला प्रश्न हाच विचारायचे, ‘दुकान किसका है?’