राळेचा धूर

सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते. तापलेलं टोक तारेला टेकलं की शिसं-कथील वितळायच्या कितीतरी आधी ती राळ पाघळते, आणि तिची एक बारीक निळसर बट वर चढते. धुपासारखा तिचा वास, पण धुपाहून कोरडा, किंचित करपट, आणि तळाशी कुठेतरी ओल्या लाकडाचा, जंगलाचा. राळ म्हणजे शेवटी चिडाच्या झाडाचा डिंकच. हा वास कुठेही आला, एखाद्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवरून जातानासुद्धा, तरी माझी चाल मंदावते आणि मी लालबागच्या आमच्या खोलीत जाऊन पोचते.

तसे लालबागला स्वतःचे वास काही कमी नाहीत. चिवडा गल्लीतला तळणीचा. मे महिन्यात मसाला गल्लीतून येणारा भाजल्या मिरचीचा, जो अख्ख्या चाळीला खोकायला लावतो. गणपतीच्या आधी कारखान्यांमधून येणारा ओल्या रंगांचा. आणि गिरण्या चालू होत्या तेव्हा आप्पांच्या अंगाला येणारा तेलाचा आणि सुताचा, घामात मुरलेला. साचेखात्यातून ते घरी आले की भुवयांवर कापसाचे तंतू असायचे. आई ते पदराने टिपायची. राळेचा वास आमच्या घरात नंतर आला, संपानंतर.

18 जानेवारी 1982. ही तारीख गिरणगावात कुणाला सांगावी लागत नाही. अडीच लाख माणसं घरी बसली. कुणी गावी गेली, कुणी भाजीची पाटी घेतली, आणि तो संप कधी संपला हे आजही कुणाला सांगता येत नाही. त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला दूरदर्शनवर रंग आले, नोव्हेंबरात एशियाड आलं. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी रंगीत सेट घेतले, आणि त्यांचे जुने ब्लॅक अँड व्हाइट सेट हातोहात चाळींमध्ये उतरले. आप्पा एका ओळखीच्या मेकॅनिककडे नुसते बसायला म्हणून जाऊ लागले, आणि वर्षभरात आमच्या खोलीच्या खिडकीशी, जिथे चार वाजताचं ऊन तिरपं येऊन बरण्यांवर पडायचं, तिथे उघड्या पाठीचे टीव्ही मांडले गेले. त्या उन्हात राळेचा धूर दिसायचा. धूर उन्हातून वर जायचा, सावलीत शिरला की नाहीसा व्हायचा, आणि वास तेवढा मागे राहायचा, अंथरुणात, दप्तरात, माझ्या वेणीत.

चित्र गेलं की लोक टीव्हीच्या पाठीत धपाटा घालायचे, आणि चित्र परत यायचंही. आप्पांना ते बघवत नसे. “ड्राय सोल्डर झालंय त्याला, मारतोस कशाला?” असं ते म्हणायचे, एखाद्या आजारी पोराची बाजू घ्यावी तसे. तापून आणि निवून सांध्याला केसाएवढी भेग पडते. धपाट्याने तिची दोन टोकं क्षणभर भेटतात आणि पुन्हा दुरावतात, एवढंच. ते लाकडी काडीने एकेक सांधा हलकेच दाबत जायचे, आणि ज्याच्यावर चित्र थरथरलं तिथे थांबायचे. किती सावकाश जायची ती काडी!

मी मराठी टंकनावर पोट भरते. माझा कीबोर्ड मेकॅनिकल, प्रत्येक अक्षराखाली स्वतःची स्प्रिंग असलेला, आणि बोटांना इन्स्क्रिप्टची सवय: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. या दिवाळी अंकांच्या हंगामात एका दुपारी त्याचा काना गेला. काना डाव्या हाताच्या मधल्या बोटावर असतो, आणि शिफ्ट धरून त्याच बटणावर ‘आ’. लालबाग लिहावं तर पडद्यावर ‘ललबग’, आई लिहावं तर नुसती ‘ई’. बाकी सगळी अक्षरं जागच्या जागी होती.

नवा मागवायचं मनात आलं नाही. पाठ उघडून हिरवा बोर्ड उलटा धरला तेव्हा पहिल्यांदा जे दिसलं त्याने मला आप्पांचा साचा आठवला. शंभराच्या आसपास बटणं, पण प्रत्येकाला वेगळी तार नाही. पाचसहा आडव्या वाटा, पंधरावीस उभ्या, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे एकेक बटण, ताण्याबाण्यासारखं. बोर्डातली चिप एकेक ओळ तपासत सेकंदाला शेकडो वेळा फिरत राहते, कोणता छेद जुळला ते पाहत. माझ्या कापडाचा एकच धागा तुटला होता.

चिमट्याने कान्याच्या स्विचच्या दोन्ही पिना जोडून पाहिल्या, पडदा कोराच. म्हणजे स्विचचा दोष नव्हता. मग मल्टिमीटरची एक सुई पिनेवर आणि दुसरी त्याच उभ्या ओळीतल्या हलन्ताच्या बटणावर ठेवली, बीप नाही. भिंग धरलं. पिनेभोवतालचं तांब्याचं कडं बोर्डापासून किंचित उचललं गेलं होतं, आणि कडं जिथे ट्रॅकला मिळतं तिथे ती भेग होती, पापणीच्या केसाहून बारीक. मराठी लिहिताना काना किती वेळा दाबला जातो! प्रत्येक काना तिथेच, त्याच कड्यावर उतरलेला.

ब्लेडच्या टोकाने ट्रॅकवरचं हिरवं लाखकाम खरवडलं. खालून गुलाबी तांबं निघालं, उघडं आणि कोवळं. जुन्या केबलमधली एक बट काढून तिच्या टोकांना कथील चढवलं, आणि भेगेच्या अलीकडून पलीकडे तिला आडवी निजवली. आप्पा सांगायचे, आधी तांबं तापव, सोल्डर आपल्या पायाने येईल. तसंच झालं. क्षणभर ते गोळा होऊन रुसल्यासारखं बसलं आणि मग एकदम पसरलं, तारेला लपेटून, चकचकीत, कडेला निमुळतं. ती निळी बट माझ्या चष्म्यावरून गेली. आप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यांनी कीबोर्ड कधी हाताळला नाही. पण हात कुठे थांबवायचा, फुंकर का घालायची नाही, सांधा आपणहून निवेपर्यंत बोट कसं स्थिर ठेवायचं, हे मला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही.

बीप आला. मागोमाग कानाही आला, ‘आ’ही आला. अंकातली अडकलेली कथा रात्रीपर्यंत पुरी करून पाठवली. बोर्ड अजून पुरता बंद केलेला नाही, कारण रविवारी वेलांट्यांचे सांधेही एकदा तापवून घ्यायचे आहेत; त्यांची कडी शाबूत दिसतात, पण मराठीत वेलांट्याही काही थोड्या लागत नाहीत.