बोबडे बोल आणि आमची फजिती

एक प्रश्न विचारते. घरातलं लहान मूल बोलायला लागलं की पहिली पंचाईत कुणाची होते? मुलाची अजिबात नाही. आपली होते!

माझी लेक सव्वा वर्षाची असताना तिला घेऊन मी एसटीने माहेरी निघाले होते. गाडीत ही गर्दी. कशीबशी खिडकीशेजारची जागा मिळाली. पुढच्या थांब्यावर एक मिशीवाले गृहस्थ चढले आणि नेमके आमच्या सीटजवळ दांडा धरून उभे राहिले. माझ्या लेकीने त्यांच्याकडे एकदा टक लावून पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडली, "बाबा! बाबा!"

गाडी एकदम शांत. ते गृहस्थ बिचारे कानापर्यंत लाल झाले. मी तिचं तोंड पदरात झाकायला गेले तर ती आणखी जोरात, "बाबाऽऽ!" त्यात कंडक्टर येऊन मला म्हणाले, "ताई, लेकराला तिकीट नाही. पण बाबांचं काढायचं का तुमच्यातच?" पुढचे दोन तास मी खिडकीबाहेर बघत काढले.

आज हसू येतं. पण बघा, तिचं काय चुकलं होतं? तिच्या बाबांना मिशी आहे. म्हणजे मिशी असेल तो बाबा. हिशेब पक्का होता, फक्त जरा मोठा झाला होता. त्याच दिवसांत चार पायांचं जे जे चालतं ते सगळं तिच्या लेखी 'भूभू' होतं. शेळी भूभू, म्हैस भूभू आणि रांगणारी आत्तेबहीणसुद्धा भूभू! मूल एक शब्द हातात आला की तो जिथे जिथे बसेल तिथे तिथे लावून बघतं. मग आपण "अगं, ही म्हैस" म्हणतो आणि भूभूच्या राज्यातून एकेक प्राणी बाहेर पडत जातो.

पुढचा अंक माझ्या धाकट्या दिरांचा. ते नोकरीला पुण्यात. लेकीला तेव्हा 'क' म्हणता यायचा नाही, 'त' यायचा. त्यामुळे काका म्हणजे 'ताता'. भावजी आठ तासांची रात्रपाळी करून, बॅग खांद्यावर घेऊन दारात आले, अजून चप्पल काढायची होती, तोच ही धावत जाऊन "ताता! ताता!" भावजींचं तोंड उतरलं. म्हणाले, "वहिनी, आलो नाही तोवर टाटा करते की ही!"

मग त्यांनीही तिला चिडवायला सुरुवात केली, "ताता आला, ताता आला." तर ही संतापली. "ताता नाही! ताता!" भावजी म्हणाले, "तेच तर म्हणतोय, ताता." ही पाय आपटून, "नाही! ताताऽऽ!"

हे मला फार आवडतं. तिच्या कानाला काका आणि ताता यांतला फरक स्वच्छ कळत होता, पण जिभेला तो अजून जमत नव्हता. मोठ्या माणसाने तसं बोललेलं तिला चालत नव्हतं. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अभ्यासकांनी १९६० साली अगदी हाच प्रकार एका इंग्रजी बोलणाऱ्या मुलाबद्दल लिहून ठेवलाय. तो खेळण्यातल्या माशाला 'फिश'ऐवजी 'फिस' म्हणायचा आणि कुणी त्याला 'फिस' म्हणून दाखवलं की ते मान्य करायचा नाही. म्हणून तर मूल बोबडं बोलतं म्हणून आपणही बोबडं बोलायची गरज नसते. त्याला आपल्याकडून सरळ शब्दच हवा असतो.

अडीच वर्षांनंतर नवीनच गंमत सुरू झाली. "बाबा जाला." "चिमणी मरली." "मी चित्र करलं." आमच्या घरात कुणीही 'जाला' म्हणत नाही, शेजारीपाजारी नाही, टीव्हीवर नाही. मग हिने आणलं कुठून? तर तिने ते स्वतः बनवलं होतं. बस-बसला, पड-पडला, चाल-चालला, मग जा-जाला का नाही? आपण तिला व्याकरण शिकवलं नव्हतं, पण नियम तिने शोधून काढला होता आणि 'गेला', 'मेली', 'केलं' हे मराठीचेच हट्टी अपवाद तिच्या आड आले. पहिलीच्या वहीत 'करलं' दिसलं की आपला लाल पेन लगेच उठतो. माझाही उठायचा. आता जरा थांबतो.

तसंच नणंदेच्या मुलाचं. दिवसभर आईजवळ, त्यामुळे "मी आले", "मी जाते", "मी खाते". घरातले पुरुष त्याला चिडवायचे, "पोरगी आहेस का रे तू?" नणंद काळजीत. अहो, 'मी' म्हणजे काय हे तो आईकडूनच शिकतोय ना, मग आईसारखाच बोलणार! कोल्हापूरकडे तर बायकासुद्धा सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, तिथे कुणाचं काही अडत नाही. चार महिने अंगणवाडीत पोरांत खेळला आणि गडी "मी आलो" म्हणायला लागला.

आता खरी फजिती सांगते. ही सांगावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला.

रविवारची सकाळ. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला घरी आली होती. मी चहा टाकला. लेक ओट्याखालच्या टोपलीतले बटाटे काढून, ओळीत मांडून खेळत होती. पाहुण्या कौतुकाने बघत होत्या. इतक्यात लेकीने हातात लाटणं घेतलं आणि बटाट्यांवर ओरडली,

"हाताची धडी, तोंडावल बोत! दप्प बस! तितीदा सांदायचं, दाढवा!"

शब्द बोबडे, पण आवाज माझा. तो चढवलेला सूर माझा, 'गाढवा' म्हणतानाची मानेची हालचालसुद्धा माझी. शाळेला सुट्टी असली की मी कधी कधी तिला वर्गात घेऊन बसायची नाही, पण ती अंगणवाडीत होती आणि अंगणवाडी आमच्या वर्गाच्या भिंतीला लागून. सगळं ऐकू जायचं.

मी घाईघाईने म्हणाले, "काय बाई, टीव्हीवरून काय काय शिकतात!" त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, "आमची पण घरी असंच खेळते, बाई." चहा घेऊन त्या गेल्या. मी बराच वेळ ते बटाटे उचलले नाहीत.

यानंतर मी शहाणी व्हायला हवी होते. झाले नाही. कारण पुढची चूक मी कौतुकापोटी केली.

लेकीचा 'कबूतर' हा शब्द घरात प्रसिद्ध होता. 'तबूतल!' मी त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मग काय, जो येईल तो, "म्हण ना गं, कबूतर म्हण!" ती म्हणायची, सगळे हसायचे, तीही हसायची. तीन वर्षांची झाली त्या गणपतीत घरात पंधरा-सोळा माणसं होती. कुणीतरी म्हटलं, "कबूतर म्हण." ती म्हणाली. खो खो हसणं झालं. "परत एकदा!" या वेळी तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली.

तिथून पुढे ते गमतीशीर वाटेल असं वळण लागलं, म्हणून आम्हाला कळायलाच वेळ लागला. कबूतर दिसलं की ती म्हणायची, "ते उडतं ना, ते." कुत्रा पुन्हा 'भूभू' झाला. आणि काकांना ती 'अहो' म्हणायला लागली! मी तिच्या बाबांना हाक मारते तसं, "अहो, इतडे या." आधी आम्ही पोट धरून हसलो. मग भावजीच म्हणाले, "वहिनी, ही मला काका म्हणायचं टाळतीय." 'इकडे'तला 'क' तिच्या लक्षात आला नव्हता, पण जे शब्द म्हटले की लोक हसतात, ते तिने बाजूला काढून ठेवले होते.

व्हिडिओ मी काढून टाकला. इतरांच्या फोनवरून तो कसा काढणार? घरात ठरवलं की 'म्हणून दाखव' हा खेळ बंद. ती "ते उडतं ना, ते बसलं" म्हणाली की मी म्हणायची, "हो गं, कबूतर बसलं गॅलरीत. दाणे टाकूया का?" आणि पुढे जायचं. परत म्हणायला लावायचं नाही. 'काका' परत यायला तीन महिने लागले, तेही 'ताता' बनूनच.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. बोबडं बोलणं निराळं आणि न बोलणं निराळं. र, ळ, श हे बऱ्याच मुलांना उशिरा येतात, त्याची घाई नको. पण दीड वर्ष होऊनही एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत 'दूध दे' असे दोन शब्द जोडत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर "याचा बाबाही उशिराच बोलला" म्हणत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्या तपासणीत ऐकू न येणं आणि भाषेतला उशीर या दोन्ही गोष्टी असतात. आणि जीभ सुटावी म्हणून तान्ह्या बाळाला मध चाटवू नका. एक वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो.

लेकीचं असं झालं तेव्हा मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. पहिलीतला. हजेरीला तो 'हजर' म्हणायचा नाही, नुसता हात वर करायचा. जूनमध्ये पहिल्या आठवड्यात त्याने 'हदल' म्हटलं होतं, वर्ग हसला होता. आणि खरं सांगते, मीही हसले होते. नंतर माझ्या नोंदवहीत मी त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'अबोल'.

मी हजेरीची पद्धत बदलली. 'हजर' बंद, नाव घेतलं की आज काय खाऊन आलात ते सांगायचं. पहिले काही दिवस त्याने हातच वर केला. मी काही न बोलता पुढचं नाव घ्यायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सोमवारी त्याचं नाव घेतलं आणि हात वर आला नाही.

"भातली," तो म्हणाला.

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्कन हसलं. मी तिकडे पाहिलं नाही. "भाकरी? अरे वा. कशाबरोबर?"

"पिथलं."

"बाई," शेजारचा पोरगा उठून म्हणाला, "आमच्यात पण पिठलंच!"