पाठीवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें असें आपण म्हणतों खरें. परंतु त्या बिऱ्हाडांत शीतकपाट असल्याचें आजवर कोणीं पाहिलेलें नाहीं. प्रवासाला निघालेल्या माणसानें सामान थोडें घ्यावें, वाटेंत मिळेल तें खावें आणि उद्यांची चिंता उद्यांवर सोंपवावी, अशी माझी तीस वर्षांची शिकवण. वर्गांत निबंधवाङ्मय शिकवतांना मीं ती इतक्या वेळां उच्चारली आहे कीं विद्यार्थ्यांपेक्षां माझाच तिच्यावर अधिक विश्वास बसला होता. म्हणून माझ्या भाच्यानें एक जुनी प्रवासी गाडी घेऊन तिचें फिरतें घर बनवायचें ठरवलें, आणि त्यांत स्वयंपाकघरांतला साधा फ्रिज बसवण्याचा बेत सांगितला, तेव्हां मी मोठ्यानें हंसलों.

"अरे, घर सोडून जायचें, आणि घरांतलें सर्वांत हट्टी कपाट तेवढें बरोबर घ्यायचें!"

त्यानें शांतपणें विचारलें, "मग मामा, आजीचें इन्शुलिन कोठें ठेवायचें?"

माझें हंसूं तेथेंच थांबलें.

माझ्या आईचें माहेर कारधा. वैनगंगेच्या एका तीरावर भंडारा, दुसऱ्या तीरावर कारधा, आणि मध्यें पूल. नागपूरहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता येथें नदी ओलांडतो. लग्न होऊन ती पुण्यास आली त्याला साठ वर्षें होऊन गेलीं. माहेरचीं माणसें एकेक करून गेलीं, धाकट्या मामाच्या मागें घरहि विकलें गेलें. गांव नकाशावर राहिलें, पण उतरायला ओसरी उरली नाहीं. "एकदां वैनगंगा पाहायची आहे," असें ती म्हणे, आणि "येत्या हिवाळ्यांत जाऊं," असें आम्ही म्हणत असूं. गेल्या वर्षीं होळीच्या सुमारास तिनें विचारलें, "तूं म्हणतोस तो हिवाळा कोणत्या सालचा रे?" या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. कॉलेजला सुट्टी लागतांच, म्हणजे भर मे महिन्यांत, निघायचें ठरलें. आठशें किलोमीटरांच्या वाटेंत तिला हवें तेव्हां आडवें होतां यावें, तिचें पथ्यपाणी सांभाळलें जावें, आणि रात्रीं नदीच्या कांठीं निजतां यावें. माहेरीं घर उरलें नाहीं, तर घरच माहेरीं न्यावें, एवढा साधा विचार त्या गाडीमागें होता.

त्या निमित्तानें या शीतकपाटाकडे मी प्रथमच विद्यार्थ्याच्या नजरेनें पाहूं लागलों. एके काळीं थंडी दूरदेशाहून आणावी लागे. १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टनहून 'टस्कनी' नांवाचें जहाज सुमारें १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघालें. चार महिन्यांनीं तें पोंचलें तेव्हां त्यांतला सुमारें १०० टन शिल्लक होता. पुढें १९२२ सालीं प्लाटेन व मुंटर्स या दोघां स्वीडिश विद्यार्थ्यांनीं ज्योतीच्या उष्णतेवर चालणारें, यंत्राचा एकहि भाग न हलतां थंडी निर्माण करणारें कपाट शोधून काढलें. योगायोग असा कीं त्याच वर्षाच्या जानेवारींत टोरोंटो येथें मधुमेहाच्या रोग्याला पहिल्यानें इन्शुलिन टोंचलें गेलें. औषध आणि त्याचा रखवालदार जणूं हातांत हात घालूनच जगांत आले. इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सियसमध्यें ठेवाव्या लागतात. तापल्या तरी वायां, गोठल्या तरी वायां.

ज्योतीवर चालणारीं कपाटें परदेशांतल्या फिरत्या घरांत अजूनहि आढळतात. पण गाडी फार तिरकी उभी राहिली कीं तीं रुसतात. भाच्यानें घरगुती फ्रिजच पसंत केला. तो स्वस्त, आंत जागा पुष्कळ, आणि बिघडला तर कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं दुरुस्त करणारा मिळतो, हें त्याचें म्हणणें. मात्र घरच्या भिंतीला टेकून मुकाट्यानें उभा राहणारा हा प्राणी गाडींत चढतांच त्याला जांवयाचें मानपान लागूं लागलें. त्याला आणतांना आडवें निजवायचें नाहीं. निजवलेंच तर आंतलें तेल आपल्या जागीं परत येईपर्यंत कांहीं तास उभें ठेवून मगच चालूं करायचें. खालीं रबराच्या गाद्या, भोंवतीं लांकडी चौकट, वळणावर दार उघडूं नये म्हणून कडी, आणि पाठीमागची ऊष्मा बाहेर जावी म्हणून गाडीच्या अंगाला जाळी. चालूं होण्याच्या क्षणीं तो नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो, म्हणून इन्व्हर्टर मोठा हवा. इंजिन चालूं असेपर्यंत बॅटरी भरत राही. गाडी थांबली कीं सारा भार छपरावरच्या सौर पट्ट्यांवर. भाच्यानें खालच्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या दाटीनें भरून ठेवल्या. वीज गेली तर त्यांचा गारवा कांहीं वेळ पुरावा म्हणून.

आई हें सारें कौतुकानें पाहत होती. वाटेंत ती म्हणाली, "आमच्या बंडीला छागल टांगलेली असायची. बैल चालायला लागले, वारा लागला, की पाणी गार." बाजूच्या टरबुजांच्या वाड्याहि तिला आठवल्या. उन्हाळ्यांत वैनगंगेचें पात्र वाळूचें होई, झिरे खणून पाणी भरावें लागे, आणि टरबूज गार करायला ओल्या वाळूंत पुरून ठेवीत. "आमचा फ्रिज नदीतच होता," असें म्हणून ती हंसली.

कारध्याला पोंचलों तेव्हां पारा चव्वेचाळीसच्या वर होता. नदीकांठीं एका मोठ्या झाडाखालीं गाडी उभी केली, आणि तेथेंच आमच्या हिशेबाची चूक झाली. गाडी सावलींत ठेवावी तर सौर पट्ट्या उपाशी राहतात. उन्हांत ठेवावी तर आंतली माणसें भाजतात. आईकडे पाहून आम्हीं सावली पत्करली. त्या उकाड्यांत एरवीं अर्धा वेळ विसावा घेणारा फ्रिज अष्टौप्रहर घुमत राहिला. बॅटरी २०० अँपियर-तासांची, म्हणजे सुमारें २.४ युनिटांची, आणि शिशाच्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक काढूं नये असा दंडक. भाचा दर तासाला आंकडे पाही व कांहीं बोलत नसे.

पहिल्या रात्रीं आई बराच वेळ खिडकींतून बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "नदी बोलत नाही रे." ती बोलणार तरी कशी? खालीं पवनीजवळ गोसीखुर्दचें धरण झालें आहे. १९८८ सालीं त्याची पायाभरणी झाली. त्याचें फुगलेलें पाणी आतां मागें भंडाऱ्यापर्यंत येतें, आणि जेथें आईची वाळू होती तेथें संथ, रुंद पाणी पसरलेलें असतें. त्या शांततेंत फक्त आमच्या फ्रिजचा आवाज येत होता. "हे काय घुरघुर करून राहिलं आहे?" आईनें विचारलें. मी म्हणालों, "तुझं औषध जागं आहे." माझ्याच विनोदावर मी एकटा हंसलों. साठ वर्षांनीं माहेरीं आलेली बाई पत्र्याच्या पेटींत बसून एका अनोळखी तळ्याकडे पाहत होती. आम्ही सारें घर बरोबर आणलें होतें. त्यामुळें कोणाकडे कांहीं मागायचें कारण नव्हतें, आणि म्हणूनच दिवसभरांत आमच्याशीं कोणी बोललें नव्हतें.

दुसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास मला जाग आली ती आवाजानें नव्हे, तर आवाज बंद पडल्यानें. इन्व्हर्टरनें बॅटरी वांचवण्यासाठीं स्वतःच हात आंखडता घेतला होता. भाचा इंजिन सुरूं करायला उठला. आईनें त्याला अडवलें. "निजलेल्या गावाच्या उशाशी इंजिन लावतोस? माहेरी येऊन लोकांची झोप मोडायची का?" कुप्यांची आठवण दिली तेव्हां ती म्हणाली, "दार उघडू नका. उजाडलं की बघू." आम्ही तिघेंहि त्या बंद दाराकडे पाहत अंधारांत बसून राहिलों. उद्यांची चिंता उद्यांवर सोंपवावी असें शिकवणारा मी, दर दहा मिनिटांनीं घड्याळ पाहत होतों.

फटफटतांच हातांत वायरीचें वेटोळें घेऊन मी जवळच्या एका घराच्या दारांत उभा राहिलों. पन्नाशीच्या आयुष्यांत परक्या दारीं वीज मागण्याचा हा पहिलाच प्रसंग. सडा घालीत असलेल्या बाईंनीं माझें अर्धवट बोलणें ऐकलें, आणि गाडीकडे पाहून विचारलें, "आजी कोण गावच्या?"

"इथल्याच," मी म्हणालों. "लग्नाआधीच्या."

बाईंनीं हातांतली बादली खालीं ठेवली. "म्हणजे माहेरी आल्या म्हणा की! मग दोन दिवस बाहेर काहून थांबल्या?"

वायर खिडकींतून आंत गेली, फ्रिज पुन्हां घुमूं लागला. आंतल्या तापमापकाचा कांटा सातावर होता; बाटल्यांनीं आपलें काम केलें होतें. पण आई तें पाहायला गाडींत नव्हतीच. ती त्या ओसरीवर बसली होती, आणि कोणाचा वाडा कोठें होता, कोण कोणाची नात, याचा हिशेब चालला होता. दहा वाजेपर्यंत आणखी दोन म्हाताऱ्या येऊन मिळाल्या; त्यांतल्या एकीला आईचें लहानपणचें नांव आठवत होतें. तें नांव मीं स्वतः त्या दिवशीं प्रथम ऐकलें. तिसरी रात्र आईनें गाडींत काढली नाहीं. त्या अंगणांत खाटेवर काढली. गाडींत मी, भाचा आणि फ्रिज असे तिघे निजलों.

त्या कपाटाला मी आतां हंसत नाहीं. तें नसतें तर आई उंबऱ्याबाहेर पडली नसती. माझ्या सड्या प्रवासाचें तत्त्वज्ञान धडधाकट पायांचें होतें, हें मला फार उशिरां कळलें. परंतु तें त्या रात्रीं बंद पडलें नसतें तर तीन दिवस नदी पाहून आम्ही जसे आलों तसे परतलों असतों. चूक हिशेबाची होती. पण ती पुन्हां करायची वेळ आली तर मी दुरुस्त करीन कीं नाहीं, याची मला खात्री नाहीं.

निघतांना त्या बाईंनीं आईच्या हातीं कैरीच्या लोणच्याची बरणी दिली. आईनें ती भाच्याकडे दिली आणि फ्रिजमध्यें, इन्शुलिनच्या शेजारीं ठेवायला सांगितली.

"आजी, लोणचं बाहेरही टिकतं," तो म्हणाला.

"टिकू दे," आई म्हणाली. "तू आत ठेव."