पहिलं भजं कुणी खायचं?

मार्च २०२४ चा शेवटचा आठवडा. सकाळची शाळा सुटली होती आणि मी प्रगतिपुस्तकांच्या ढिगात बसले होते. चौथीतला आमचा एक उद्योगी गडी दाराशी घुटमळत होता.

"बाई, आपल्या संगणकावर नवीन उबुंटू टाकू या? ४ एप्रिलला येतंय. दादा म्हणाला."

आमच्या शाळेत चालू असा संगणक एकच. माजी विद्यार्थ्यांनी दिलेला. त्यावर उबुंटू ही कार्यप्रणाली आहे. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाची मुख्य आज्ञावली, बरं का! कळफलकावरची अक्षरं घ्यायची, पडद्यावर दाखवायची, फाईल जागेवर ठेवायची, ही सारी कामं तीच वाटून देते. उबुंटूच्या नावातले आकडे म्हणजे साल आणि महिना. आमची होती २२.०४ आणि येऊ घातली होती २४.०४. शिवाय प्रत्येक आवृत्तीला एका प्राण्याचं नाव असतं. या वेळी मान होता ऑस्ट्रेलियातल्या नम्बॅटचा. तो वाळवी खातो, असं मी सांगितलं मात्र, अख्खी चौथी नव्या आवृत्तीच्या बाजूने झाली!

पण ४ एप्रिलला येणार होती ती बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती. पक्की यायची होती २५ एप्रिलला. मी मुलांना विचारलं, "आई भजी तळते तेव्हा पहिलं भजं कुणाला देते?"

"मला!" आमचा गडी म्हणाला. "मीठ बघायला."

"आणि पाहुण्यांना?"

"नंतरची." मग जरा थांबून म्हणाला, "पण बाई, मला पहिलंच आवडतं."

आता काय बोलणार!

खरं सांगायचं तर मी घाबरत होते. त्या संगणकात एकतीस मुलांच्या वर्णनात्मक नोंदी होत्या. १ मेला निकाल लावायचा होता, त्यात निवडणुकीचं प्रशिक्षण. आणि एकदा माझे हात चांगले पोळलेले आहेत. काही वर्षांपूर्वी हौसेने मी माझ्या मोबाइलवर अशीच एक चाचणीची आवृत्ती टाकली. फोन अडकला, तो पुसून नव्याने चालू करावा लागला. त्यात आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. दुसरीकडे प्रत काढून ठेवली नव्हती, ही चूक माझीच. आजी आता नाही. ओव्यांचे शब्द मला थोडेफार आठवतात, पण शेवटच्या शब्दावर ती आवाज लांबवायची, तो काही येत नाही.

हे मी मुलांना तेव्हा सांगितलं नाही. "निकाल लागू दे, मग बघू," एवढंच म्हटलं. गडी रुसला.

४ एप्रिल उजाडला आणि बीटा काही आली नाही! आठवडाभर लांबली होती. का लांबली, ते मी शोधून काढलं आणि वर्गात सांगितलं. एक्सझेड नावाची एक छोटी आज्ञावली असते. माहिती दाबून लहान करणं हे तिचं काम. कुणा एकाने दोन वर्षांहून जास्त काळ तिच्या कामात मदत करून विश्वास मिळवला आणि मग तिच्यात गुपचूप चोरदरवाजा बसवला. उबुंटू ज्या डेबियनवर आधारलेली आहे, तिच्या कच्च्या आवृत्तीत हा माल पोहोचलासुद्धा होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक अभियंता ती कच्ची आवृत्ती वापरत होता. दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! चुटकी वाजवायलासुद्धा एवढाच वेळ लागतो. तुम्ही-आम्ही 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिलं असतं. तो मुळापर्यंत गेला आणि २९ मार्चला त्याने ते सगळ्यांना जाहीर सांगितलं. मग उबुंटूवाल्यांनी २६ फेब्रुवारीनंतर बांधलेले सारे भाग काढून नव्याने बांधायचं ठरवलं. म्हणून उशीर.

मला वाटलं, आता माझीच बाजू जिंकली. तोच गडी उठला. "बाई, त्या माणसाने पहिलं भजं खाल्लं म्हणून कळलं ना?"

वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मीही क्षणभर गप्पच. बरोबर होतं त्याचं. सगळेच माझ्यासारखे थांबले असते, तर तो चोरदरवाजा पक्क्या आवृत्तीतून घरोघरी गेला असता.

मग कपाटावर धूळ खात पडलेला एक जुना लॅपटॉप मी खाली काढला. त्यात जपण्यासारखं काहीच नव्हतं. ११ एप्रिलला बीटा आली. गड्याच्या दादाने ती पाच जीबीच्या पुढची फाईल रात्रभर उतरवून पेनड्राइव्हवर आणून दिली. मुलांनी वहीत तक्ता आखला: मराठी जोडाक्षरं, आवाज, छपाई, चित्रं. आठ दिवस रोज तपासलं. काहीच बिघडलं नाही! मुलं इतकी हिरमुसली म्हणता!

"बघा बाई, उगाच घाबरलात."

असेलही. तरी शाळेच्या संगणकाला मी हात लावू दिला नाही. निकाल २२.०४ वरच तयार झाला. ऑगस्टअखेर २४.०४.१ ही सुधारलेली आवृत्ती आली, तेव्हाही सहामाही तोंडावर होती म्हणून थांबले. अखेर दिवाळीच्या सुट्टीत मुहूर्त लागला. गडी तोवर पाचवीत, दुसऱ्या शाळेत गेला होता. पण बातमी कळताच सायकल दामटत आला. मी बटण दाबणार, तेवढ्यात त्याने माझा हात धरला.

"बाई, नोंदींची प्रत काढलीत ना?"

काढली होती. दोन पेनड्राइव्हवर. त्याने दोन्ही उघडून बघितले आणि मगच मला बटण दाबू दिलं.