सहा क्विंटल सोयाबीन

एका स्थळाकडून निरोप आला, मुलगा थोराड दिसतो. मी २८ वर्षांचा. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर स्वतःचाच चेहरा बघायची सवय होतीच. त्या दिवसापासून नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत गेलेल्या दोन घड्यांशिवाय मला काही दिसेना.

पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, त्वचेतले कोलॅजेन आणि इलास्टिन हे तंतू वयानं कमी होतात, उन्हानं त्याआधीच तुटतात, गालाची चरबी सरकते आणि घडी पडते. तिथं सुईनं फिलर भरायचं, कापाकापी नाही. फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडची जेल, पाणी धरून ठेवणारी. (घरी येऊन वाचलं. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये हा पदार्थ गाईच्या डोळ्यातून वेगळा काढला. नेमक्या याच घड्यांसाठी अमेरिकेत त्याच्या फिलरला डिसेंबर २००३ मध्ये मंजुरी मिळाली.) जेल चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. खर्च २४ हजार. सनस्क्रीनची एक ट्यूबही लिहून दिली.

नागपंचमीला मुखेडला गेलो. त्या दिवशी रानात खुरपं चालवत नाहीत, म्हणून आई घरीच होती. सांगितलं तर ती काय म्हणेल, याचं भाषण माझ्या डोक्यात तयार होतं. सुरकुत्या म्हणजे कष्टाचे दागिने, वगैरे. आपण आयांवर असलं बरंच लिहितो.

"किती दिवस टिकतंय?" तिनं विचारलं.

"वर्षभर."

"म्हंजी दरसाल बी-भरण." मोंढ्यात सोयाबीन चार हजारानं घातलेलं. "सहा क्विंटल झालं की रे."

मग तिनं माझा फोन घेतला, पुढचा कॅमेरा लावायला सांगितला आणि दोन बोटांनी गाल कानाकडं ओढले. घड्या गेल्या. सोडले, आल्या.

"माझ्या बी जातील का?"

मला उत्तर सुचेना. तीस वर्षं उन्हात खुरपणाऱ्या बाईला आरशात काय बघायला आवडेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्यासाठी २४ हजार होते, तिच्यासाठी भाषण.

"तुझ्या खोल आहेत. जास्त जेल लागेल."

"ऱ्हाऊ दे. ती ट्यूब दाखीव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सनस्क्रीन इतकं थापलं की चेहरा चुना मारलेल्या भिंतीसारखा झाला. आभाळ आलंय, आता कशाला, म्हणून शेजारची काकू हसली. "ढगातून बी किरण येतेत म्हणं," आईनं तिला सांगितलं, पदर कपाळावर ओढला आणि खुरपं घेऊन निघाली.