दहा पावलांचे अंतर

परदेशप्रवास म्हणजे कमीत कमी दिवसांत अधिकाधिक स्थळे पदरात पाडून घेणे, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. पहाटे उठायचे, बसमध्ये बसायचे, मार्गदर्शक बोट दाखवील तिकडे पाहायचे, छायाचित्र काढायचे आणि पुढच्या गावाकडे निघायचे. घरी परतल्यावर कोणते चर्च कोणत्या शहरातले, हे छायाचित्र हातात असूनही सांगता येत नाही. इचलकरंजीच्या एका दांपत्याने गेल्या जून महिन्यात इंग्लंडमध्ये केलेला प्रवास मात्र या रीतीला सोडून होता. १७ दिवसांत त्यांनी अवघ्या चार ठिकाणी मुक्काम केला. ऑक्सफर्ड, स्ट्रॅटफर्ड, यॉर्क ही नावे त्यांनी यादीतून स्वतःच खोडली होती.

गावात या गृहस्थांना सारे अण्णा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला काकू. अण्णा ६८ वर्षांचे, काकू ६४ वर्षांच्या. यंत्रमागाच्या व्यवसायात अण्णांची ३५ वर्षे गेली. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे हे गाव महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यामुळे खरे मँचेस्टर एकदा डोळ्यांनी पाहावे, ही अण्णांची जुनी इच्छा होती. लेक आणि जावई इंग्लंडमधील रेडिंगला राहतात. काकूंचे गुडघे दुखतात, हे ध्यानात घेऊन लेकीने प्रवासाची आखणी संथ ठेवली होती. ‘बाबा, आईच्या चालीने चाला,’ एवढीच सूचना तिने निघताना दिली.

ती सूचना अनाठायी नव्हती. अण्णांना झपाझप चालण्याची सवय. बाजार असो, लग्नमंडप असो, ते पुढे आणि काकू दहा पावले मागे, असेच गेली चाळीस वर्षे चालले होते. त्यात अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली होती. अण्णांना कमी ऐकू येत होते. मागाच्या खडखडाटाने कानाचे नुकसान हळूहळू होते आणि प्रथम उंच पट्टीचे आवाज हरवतात, असे तज्ज्ञांनी सांगितले होते. पक्ष्यांचे आवाज, लहान मुलांचे बोलणे, बायकांचे बोलणे. लेकीने श्रवणयंत्र घेऊन दिले होते. अण्णांनी ते चार दिवस वापरले आणि डबीत घालून ठेवले. ‘अजून एवढा म्हातारा नाही झालो,’ असे ते म्हणत. घरातले बोलणे मग कामापुरतेच उरले.

पहिला मुक्काम बाथ शहरात चार दिवसांचा होता. हे शहर त्या परिसरातल्या मधाच्या रंगाच्या दगडात बांधलेले आहे. जमिनीतून तेथे दररोज ११ लाख लिटरहून अधिक गरम पाणी वर येते आणि त्याचे तापमान सुमारे ४६ अंश सेल्सिअस असते. या पाण्याभोवती रोमन लोकांनी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेले स्नानगृह आजही पाहता येते. वाफाळणारे हिरवट पाणी पाहून काकूंना वज्रेश्वरीची कुंडे आठवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘रॉयल क्रेसेंट’ पाहिले. चंद्रकोरीच्या आकारात सलग बांधलेली ही ३० घरे. १७६७ ते १७७४ या काळात ती उभी राहिली. समोर विस्तीर्ण हिरवळ आहे. काकू तेथल्या बाकावर तासभर बसल्या. अण्णा तेवढ्यात दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

जूनमध्ये तेथे रात्री नऊनंतरही उजेड असतो. अशाच एका लांबलेल्या संध्याकाळी उद्यानाच्या कठड्यावर एक काळा पक्षी येऊन बसला. चोच पिवळीधमक. हा ब्लॅकबर्ड. त्याच्या गाण्याचे कौतुक लेकीने केले होते. काकूंनी हळूच विचारले, ‘ऐकलंत?’ अण्णांनी मान डोलावली. ‘छान आहे,’ ते म्हणाले. खरे तर त्यांना पक्ष्याची चोच उघडताना आणि मिटताना दिसत होती, आवाज येत नव्हता. काकूंना हे कळले होते. त्या काही बोलल्या नाहीत.

बाथहून ते कॉट्सवोल्ड टेकड्यांमधील चिपिंग कॅम्पडन या लहान गावी गेले. येथे अण्णांचा व्यापारी जीव रमला, कारण हे सारे वैभव लोकरीने उभे केलेले आहे. मध्ययुगात या टेकड्यांवरच्या मेंढ्यांची लोकर युरोपभर जात असे. विल्यम ग्रेव्हेल नावाच्या व्यापाऱ्याचे चौदाव्या शतकातले घर गावाच्या मुख्य रस्त्यावर आजही उभे आहे. १४०१ साली तो वारला. चर्चमधील त्याच्या समाधीवर पितळी पट्टी आहे आणि तिच्यावर त्याचा गौरव साऱ्या इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांचे भूषण असा केलेला आहे. ‘आपल्या धंद्यातल्या माणसाचा एवढा मान!’ असे म्हणत अण्णा तेथे बराच वेळ उभे राहिले. १६२७ साली बांधलेला बाजाराचा दगडी मंडपही त्यांनी पाहिला. लोणी, चीज आणि कोंबड्या विकणाऱ्यांना ऊन-पावसात आडोसा मिळावा म्हणून तो बांधला होता.

इंग्लंडच्या ग्रामीण भागात पायवाटांची एक सुंदर व्यवस्था आहे. शेत खासगी मालकीचे असले, तरी त्यातून जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेने चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते. पिवळा बाण दिसला की पायी चालणाऱ्यांची वाट समजायची. कुंपणाशी जागोजागी एक विशेष प्रकारचे फाटक असते. त्याला ‘किसिंग गेट’ म्हणतात. अर्धगोलाकार कुंपणाच्या आत एक झडप मागे-पुढे हलते. एका वेळी एकच माणूस आत शिरतो, झडप ढकलतो आणि पलीकडे निघतो. गुरामेंढरांना मात्र त्यातून जाता येत नाही. झडप दोन्ही बाजूंना नुसती टेकते, कडी लागत नाही, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. अशा फाटकाशी दोघांपैकी एकाला थांबावेच लागते.

मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी ते शेतांतल्या वाटेने शेजारच्या ब्रॉड कॅम्पडन गावाकडे निघाले. पहिले फाटक अण्णांनी ओलांडले आणि ते सवयीने पुढे चालू लागले. दुतर्फा मेंढ्या चरत होत्या. लोकर, सूत, भाव यांविषयी ते मोठ्याने बोलत राहिले. दुसरे फाटक आले. ते ओलांडून त्यांनी वळून पाहिले, तर मागे वाट मोकळी होती.

अण्णा धावतच परतले. पहिल्या फाटकाजवळ दगडी कुंपणाला टेकून काकू बसल्या होत्या. सशाच्या बिळात पाऊल जाऊन घोटा मुरगळला होता. शेजारी कुत्रे घेऊन फिरायला निघालेली एक वृद्ध इंग्रज बाई काकूंचा हात धरून बसली होती. हाक ऐकून आपण शेताच्या पलीकडल्या टोकावरून आलो, असे तिने अण्णांना सांगितले. तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, तरी अण्णांची मान खाली गेली.

‘किती वेळ बसली आहेस?’ त्यांनी विचारले.

‘तीन हाका मारल्या,’ काकू म्हणाल्या. ‘चौथी नाही मारली. म्हटलं, उपयोग काय!’

पुढचे दोन दिवस भाड्याने घेतलेल्या छोट्या घरातच गेले. सूज फारशी नव्हती. अण्णांनी घरून नेलेल्या पिठाचे पिठले केले, भात लावला. दोघांनी खिडकीशी बसून ते खाल्ले. पण काकूंचे ते शेवटचे वाक्य अण्णांच्या मनातून जाईना. घरीही किती हाका अशा न मारताच राहिल्या असतील, याचा हिशेब त्यांना लागेना.

तेथून ते मँचेस्टरला गेले. शहराजवळ स्टायल गावी बॉलिन नदीच्या काठी ‘क्वॉरी बँक’ ही जुनी कापड गिरणी आहे. सॅम्युएल ग्रेग याने १७८४ साली ती उभारली. आता ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था ती सांभाळते. पाण्यावर फिरणारे प्रचंड लोखंडी चाक अजून चालते. अनाथ आणि गरीब मुलांना कामासाठी आणून जेथे ठेवले जाई, ते घरही तेथे जपलेले आहे. मुलांच्या त्या अरुंद खाटा पाहून काकूंचा चेहरा उतरला. यंत्रयुगाच्या वैभवाची ही दुसरी बाजू पाहून अण्णाही गप्प झाले.

विणकामाच्या दालनात प्रात्यक्षिकासाठी माग सुरू केला गेला. धोटा इकडून तिकडे धावू लागला आणि तो ओळखीचा खडखडाट भरून राहिला. अण्णांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. माग थांबल्यावर माहिती देणाऱ्या वयस्क स्वयंसेवकाने सांगितले, की असे शेकडो माग एकाच वेळी चालत तेव्हा शेजारच्या माणसाचा शब्दही ऐकू येत नसे. म्हणून लँकेशायरच्या गिरण्यांतील स्त्रियांनी ओठांची भाषा घडवली. आवाज न करता ओठ मोठे हलवायचे, हातवारे करायचे आणि समोरच्याने चेहऱ्याकडे पाहून समजून घ्यायचे. या बोलण्याला तेथे ‘मी-मॉइंग’ म्हणत. पुष्कळ जणींना पुढे बहिरेपण आले, तेव्हाही हीच भाषा त्यांच्या कामी आली.

माग पुन्हा सुरू झाला. काकू अण्णांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज न काढता त्यांनी ओठ हलवले. ‘पाणी हवंय?’ अण्णांना ते लख्ख कळले. तसेच ओठ हलवून ते म्हणाले, ‘कांड्या भरून झाल्या का?’

दोघेही हसले. लग्न झाले तेव्हा घरामागच्या शेडमध्ये चार माग होते. नवी नवरी असलेल्या काकू तेथे बसून कांड्या भरीत. त्या खडखडाटात दोघे दिवसभर असेच बोलत. चहा झाला का, सूत संपले, आई बोलावते आहे, असे सारे संसारातले बोलणे ओठांवरून चाले. तेव्हा अण्णांचे कान धड होते, तरी त्या गोंगाटात कानांचा उपयोग नव्हता. ते काकूंच्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून त्यांना कळत होते. पुढे माग वाढले, कचेरी वेगळी झाली, हिशेबाच्या वह्या आल्या. बोलताना वर पाहण्याची सवय केव्हा सुटली, ते त्यांच्या ध्यानातही आले नाही.

गिरणीबाहेर बाकावर बसल्यावर अण्णांनी विचारले, ‘ते यंत्र बरोबर आणलं आहेस का?’

काकूंनी पर्समधून डबी काढून दिली. आत नव्या बॅटरीचे पाकीटही होते. तीन वर्षे अण्णांनी ज्या डबीला हात लावला नव्हता, तिच्यातली बॅटरी काकू मुदत पाहून बदलत आल्या होत्या.

अखेरचा मुक्काम सरोवरांच्या प्रदेशातल्या ग्रासमिअरला होता. विंडरमिअरपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे बस घ्यावी लागते. कवी वर्ड्सवर्थ १७९९ ते १८०८ या काळात येथील ‘डव्ह कॉटेज’मध्ये राहत होता. ते बुटक्या छताचे घर दोघांनी पाहिले, परंतु अधिक वेळ त्यांनी सरोवराकाठच्या वाटेवरच घालवला. काकूंच्या घोट्याला अजून पट्टी होती, त्यामुळे चाल आपोआपच संथ होती.

श्रवणयंत्राने सगळे एकदम सुखाचे झाले, असे नाही. पहिल्या दिवशी कपबशीचा आवाज कानावर आदळला, वारा भणाणत राहिला. अण्णांनी दोनदा यंत्र काढले आणि दोनदा पुन्हा घातले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका फाटकाशी अण्णा पलीकडे जाऊन थांबले. काकू झडप ढकलत असताना अण्णांनी हात वर करून त्यांना थांबवले.

‘हा आवाज कसला?’

काकूंनी कान दिला. ‘तोच तो. पिवळ्या चोचीचा.’

‘आणि त्या दिवशी मी छान आहे म्हणालो होतो,’ अण्णा म्हणाले.

‘ठाऊक आहे मला,’ काकू म्हणाल्या आणि झडप ढकलून बाहेर आल्या.

इचलकरंजीला परतल्यावर भेटायला येणाऱ्यांनी विचारले, एवढ्या दिवसांत काय काय पाहिलेत? चारच नावे ऐकून काहींची निराशा झाली. अण्णांनी त्याचा विषाद मानला नाही. आल्यावर आठच दिवसांत ते पुतण्याच्या शेडमध्ये गेले आणि मागावर काम करणाऱ्या मुलांना कानात घालण्याची बोळी वाटली. मुले आधी हसली. मग अण्णांनी यंत्र काढून तळहातावर ठेवले आणि शेतातल्या तीन हाकांची गोष्ट सांगितली. दोघांनी ती बोळी लगेच कानात घातली, बाकीच्यांनी खिशात ठेवली. अण्णा दर सोमवारी जाऊन विचारतात.

संध्याकाळी दोघे पंचगंगेच्या काठी फिरायला जातात. अण्णांची चाल अजूनही मधेच वाढते. मग ते थांबतात, वळून पाहतात आणि काकू येऊन पोहोचेपर्यंत उभे राहतात.